एकांत, पण पत्त्यासकट: पेत्रार्क आणि मंडळी पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या इटालियन मानवतावाद्यांनी एकांत आणि वैराग्याबद्दल काय लिहिलं, ते वाचायची इच्छा असेल तर माझी पहिली सूचना ऐका. इटालियन कवी आणि विद्वान पेत्रार्क याचा ‘एकांतवासाविषयी’ हा ग्रंथ घेऊन एकदम बसू नका. मी तेच केलं होतं. त्यातही उत्साहाच्या भरात दुसरा भाग आधी उघडला. तिथे आदामापासून सुरू होणारी एकांतप्रेमी थोरांची यादी आहे. अब्राहाम, मोझेस, एलिया, मग वाळवंटातले तपस्वी, मग बिशप, पोप. पाच-सहा नावांनंतर माझी वाट चुकली आणि पुस्तक बरेच महिने उशाशी पडून राहिलं. खूप नंतर लक्षात आलं, की हा ग्रंथ म्हणजे एका शेजाऱ्याला लिहिलेलं लांबलचक पत्र आहे. तो शेजारी कोण हे कळल्यावर तेच पान भराभर वाचून झालं.

म्हणून या वाटेवर दोन प्रश्न कायम खिशात ठेवा. हे कोणाला लिहिलंय? आणि लिहिणाऱ्याची चूल कोण पेटवतंय? या मंडळींचा एकांत जवळपास नेहमीच कोणाच्या तरी नावाने टपालात पडलेला असतो. पत्ता पुसून वाचलं तर सगळे एकच गोष्ट सांगतात असं वाटतं, आणि मग कंटाळा येतो.

आधी शब्द लावून घ्या

‘मानवतावादी’ या शब्दापासूनच सुरुवात करू. आज मराठीत मानवतावादी म्हटलं की माणुसकीची कामं करणारा किंवा देवाऐवजी माणसाला केंद्रस्थानी मानणारा माणूस डोळ्यासमोर येतो. इथे तो अर्थ बाजूला ठेवा. इथले मानवतावादी म्हणजे व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीतिशास्त्र या विद्यांचे अभ्यासक, जुन्या लॅटिन हस्तलिखितांच्या मागे वेडे झालेले लोक. ते श्रद्धाळू ख्रिस्ती होते आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं पोट चर्चच्या उत्पन्नावर किंवा चर्चच्या नोकरीवर चालत होतं.

दुसरा शब्द ‘ओतिउम’. याला मराठीत एक शब्द सापडत नाही. ‘सवड’ म्हणावं तर हलकं पडतं. ‘रिकामपण’ म्हणावं तर लगेच रिकामटेकडा आठवतो. प्राचीन रोमनांच्या लेखी मात्र ओतिउम हीच प्रतिष्ठेची गोष्ट होती: सार्वजनिक कामातून मोकळं होऊन वाचन-चिंतनासाठी मिळालेला वेळ. कामधंद्याला त्यांनी ‘नेगोतिउम’ म्हटलं, म्हणजे शब्दशः ‘ओतिउम नसणं’. कामाला नाव देताना सवडीचा अभाव मोजायचा, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. रोमन वक्ता सिसेरोने सेनापती थोरल्या स्किपिओचं एक वचन नोंदवलंय: मी रिकामा असतो तेव्हा सर्वांत कमी रिकामा असतो, आणि एकटा असतो तेव्हा सर्वांत कमी एकटा. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने दुसरं टोक धरलं: विद्येवाचून मिळालेली सवड म्हणजे मरण, जिवंत माणसाचं दफन. पेत्रार्क या दोघांच्याही वाक्यांवर जगतो.

तिसरा शब्द इजिप्तच्या वाळवंटातून येतो: संत अँथनी आणि त्याच्या मागून गेलेले तपस्वी, पुढे संत जेरोम. त्यांचा एकांत देहदंडनाचा, उपासाचा, सैतानाशी झुंजण्याचा. त्यांच्याकडूनच ‘अकेदिया’ हा शब्द आला. भर दुपारी कोठडीत बसलेल्या संन्याशाला घेरणारी ती मरगळ: प्रार्थना नको, पुस्तक नको, सूर्य जागचा हलत नाही असं वाटायला लावणारी. हा शब्द पुढे लागणार आहे.

रोमन जमीनदाराची सवड आणि वाळवंटातल्या तपस्व्याची कोठडी यांची पेत्रार्कने एकच खोली करायचा प्रयत्न केला. ती त्याला पुरती साधली नाही. पण त्या न साधण्यातच वाचण्याजोगं बरंच काही आहे.

एक इशारा आपल्याकडच्या वाचकाला. एकांत म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे तुकोबांचा भंडाऱ्याचा डोंगर येतो आणि संन्यास म्हटलं की भगवी छाटी. दोन्ही थोडा वेळ दाराबाहेर ठेवा. पेत्रार्कच्या डोंगराला पुस्तकांचं कपाट लागतं.

मग नकाशा उघडा

फ्रांचेस्को पेत्रार्क १३०४ साली आरेत्सोत जन्मला. त्याचे वडील फ्लोरेन्समधून हद्दपार झालेले. तेव्हा पोपची गादी रोममध्ये नव्हती. १३०९ पासून १३७७ पर्यंत ती दक्षिण फ्रान्समध्ये आव्हिन्योंला होती, आणि गादीच्या मागे वकील, कारकून, सावकार, उमेदवार अशी सगळी जत्रा तिथे लोटली होती. पेत्रार्क त्याच परिसरात वाढला, एका कार्डिनलच्या आश्रयाला राहिला आणि त्या शहराला त्याने आयुष्यभर बॅबिलोन म्हणून शिव्या घातल्या. १३३७ मध्ये तो पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या वोक्लूझला राहायला गेला. नावाचा अर्थच ‘बंदिस्त दरी’. तीन बाजूंनी कडे, आणि एका कड्याच्या तळातून सॉर्ग नदी उसळून बाहेर येते.

अंतर मुद्दाम सांगितलं. घोड्यावरून एका दिवसात गाठता येईल इतकंच ते आहे. पेत्रार्क जगातून निघून गेला नव्हता. निरोप पोहोचेल, पत्र येईल, उत्पन्न चालू राहील अशा अंतरावर तो सरकला होता. त्याच १३३७ साली त्याला जोव्हान्नी नावाचा मुलगा झाला. मुलाच्या आईचं नाव कुठे नाही. चर्चची खालची दीक्षा घेतलेली, त्यामुळे लग्न केलं असतं तर चर्चचं उत्पन्न गेलं असतं. १३४३ मध्ये एक मुलगीही झाली. बाईपासून लांब राहा असं एकांताच्या ग्रंथात बजावणारा माणूस हाच. त्याला ढोंगी म्हणून मोकळं होता येईल, पण त्यात वाचनाचं नुकसान आहे.

वाचनाची सुरुवात डोंगरापासून

पहिलं वाचायचं ते मों व्हांतूच्या चढाईचं पत्र. दहा-बारा पानांचं आहे, एका बैठकीत होतं. २६ एप्रिल १३३६ ही तारीख. पेत्रार्क आणि त्याचा धाकटा भाऊ गेरार्दो सुमारे १९०० मीटर उंचीचा डोंगर चढायला निघतात. गेरार्दो सरळ धारेवरून वर जातो. पेत्रार्क सोपी वाट शोधत खाली खाली भरकटतो, दमतो, पुन्हा चढतो, पुन्हा भरकटतो. शेवटी माथ्यावर पोहोचल्यावर जवळचं छोटेखानी पुस्तक उघडतो. संत ऑगस्टिनचं आत्मकथन, ‘कबुलीजबाब’. जे पान निघतं त्यावर लिहिलेलं असतं, की माणसं डोंगरांची शिखरं, समुद्राच्या लाटा, ताऱ्यांची भ्रमणं बघायला जातात आणि स्वतःला मात्र मागे टाकतात. पेत्रार्क वरमतो आणि उतरताना तोंडातून शब्द काढत नाही.

आता पत्ता बघा. पत्र दिओनीजी नावाच्या ऑगस्टिनपंथी साधूला आहे. ते पुस्तक पेत्रार्कला त्यानेच दिलेलं. दिओनीजी १३४२ मध्ये वारला. आणि बऱ्याच अभ्यासकांचं मत असं, की आज आपण वाचतो ते पत्र १३५३ च्या सुमाराला लिहिलं गेलं किंवा निदान नव्याने घडवलं गेलं. म्हणजे पत्र पोहोचायला माणूसच उरलेला नव्हता! मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली होती. १३४३ मध्ये गेरार्दो माँत्रिअच्या मठात, मौन आणि एकांत कडकपणे पाळणाऱ्या कार्थुसियन पंथात, दाखल झाला होता. सरळ धारेने वर जाणारा भाऊ आणि वळणं घेणारा भाऊ, हे चित्र त्यानंतर कसं दिसतं ते तुम्हीच ठरवा. मला तरी या पत्रात डोंगरापेक्षा भाऊच मोठा वाटतो.

आता मुख्य ग्रंथ, पण अर्धाच

‘एकांतवासाविषयी’ १३४६ मध्ये वोक्लूझला लिहायला घेतला. पेत्रार्क त्यात भर घालत राहिला आणि ज्याला अर्पण केला त्याच्या हाती तो १३६६ मध्ये, वीस वर्षांनी पडला. तो माणूस म्हणजे फिलिप द काबासोल, जवळच्याच काव्हायोंचा बिशप. वोक्लूझ त्याच्याच हद्दीत येत होतं. म्हणजे ज्याच्या डोक्यावर कारभाराचा भार आहे अशा शेजाऱ्याला ‘तुम्हीही या’ असं हे आमंत्रण आहे.

पहिला भाग पूर्ण वाचा. सुरुवातीलाच दोन माणसांचा एक दिवस समोरासमोर मांडलाय. शहरातला कामात बुडालेला माणूस मध्यरात्री दचकून उठतो. कुणाला फसवायचं, कुणाचं तोंड बंद करायचं याचे हिशेब डोक्यात चालू. एकांतातला माणूस झोप पुरी झाल्यावर, पक्ष्यांच्या आवाजाने उठतो. पुढे सकाळ, दुपारचं जेवण, संध्याकाळ, रात्र. शहरी माणसाच्या जेवणाचं वर्णन तर पेत्रार्क चवीने करतो: सोन्याची भांडी, मसाल्यांत दडवलेले पदार्थ, आणि विषाची धास्ती. अतिशयोक्ती आहेच, पण ती वक्त्याची आहे. कोर्टात वकील बोलतो तसं हे वाचायचं.

याच भागात तो सांगतो की विद्येवाचून एकांत म्हणजे हद्दपारी, तुरुंग, यातना. शिवाय मित्राला तो बाहेर ठेवत नाही. मित्र आला तर एकांत मोडला असं त्याला वाटत नाही, उलट तो दुणावला असं वाटतं. वाळवंटातल्या तपस्व्यांचा आदर्श इथे हळूच वळण घेतो. गर्दी नको, पण निवडक माणसं हवीत. देह कष्टवायचा, पण सकाळी डोकं चालेल इतपतच.

दुसऱ्या भागात मात्र हवं तिथून उघडा. मी तीन ठिकाणं सुचवेन. एक, पोप सेलेस्तीन पाचवा. १२९४ मध्ये काही महिन्यांतच त्याने पोपपद सोडून दिलं. त्याला भ्याड म्हणणारे पुष्कळ होते, पेत्रार्क त्याला डोक्यावर घेतो. दोन, जेरोम आणि ऑगस्टिनची पानं. तीन, भारतीय वाचकाने चुकवू नये असं ठिकाण: यादीत भारतातले ब्राह्मणही आहेत. अलेक्झांडरला भेटलेल्या नग्न तत्त्वज्ञांच्या ज्या ग्रीक-लॅटिन कथा युरोपात फिरत होत्या, त्यांच्यावरून हे आलंय. ते वाचून भारताबद्दल काही कळणार नाही. चौदाव्या शतकातल्या एका युरोपीय माणसाला ‘दूरचा तपस्वी’ किती हवाहवासा वाटत होता, ते मात्र कळेल.

चुलीचा प्रश्न

याच सुमाराला पेत्रार्कची वोक्लूझहून लिहिलेली पत्रं वाचा. १३५२ च्या उन्हाळ्यातल्या एका पत्रात तो आपला दिनक्रम सांगतो. अंगावर शेतकऱ्यासारखे कपडे, जेवायला गड्याची भाकर, अंजिरं, द्राक्षं, बदाम, नदीतले मासे. कानावर बैलांचं हंबरणं, मेंढ्या, पाणी. दोन बागा, एक उगमाजवळची दाट सावलीची, दुसरी घराजवळ नदीच्या प्रवाहात. घर सांभाळणाऱ्याच्या बायकोच्या उन्हाने रापलेल्या चेहऱ्याची तो थट्टा करतो आणि लगेच तिच्या इमानाचे गोडवे गातो. थट्टा खटकते, खटकू द्या.

तिच्या नवऱ्याचं नाव रेमों मोने. या साऱ्या वाङ्मयात मला सर्वांत आवडलेला माणूस तो. अक्षरओळख नसलेला. पण धन्याच्या पुस्तकांची निगा तोच राखायचा, कोणतं पुस्तक कोणतं हे नावानिशी ओळखायचा, आणि हातात दिलेलं पुस्तक छातीशी धरायचा. १३५३ च्या सुरुवातीला तो वारला तेव्हा पेत्रार्कने त्याच्याबद्दल एक संपूर्ण पत्र लिहिलं. त्याच वर्षी पेत्रार्कने वोक्लूझ कायमचं सोडलं. नाताळच्या सुमाराला चोरांनी घर लुटून पेटवलं. पुस्तकं मोनेच्या मुलाने आधीच गढीत हलवली होती, म्हणून ती वाचली. पेत्रार्कचा एकांत ज्यांच्या खांद्यावर उभा होता त्यांना स्वतःला एकांत परवडत होता का, हा प्रश्न ग्रंथात कुठेच विचारलेला नाही. पत्रांतून तो आपोआप डोकावतो.

मठाच्या दारापर्यंत

१३४७ च्या सुरुवातीला पेत्रार्क भावाला भेटायला माँत्रिअला गेला. एक दिवस, एक रात्र राहिला. परत आल्यावर मठातल्या सगळ्यांना उद्देशून त्याने ‘धर्मजीवनातील सवडीविषयी’ लिहिलं. त्याचा सूर बायबलमधल्या एका स्तोत्रातल्या ओळीवर बेतलाय: ‘रिकामे व्हा आणि पाहा’. ओतिउमचं रोमन नाणं इथे तो मठाच्या चलनात बदलून देतो. खरं सांगायचं तर हा ग्रंथ जड जातो. तीस-चाळीस पानं वाचून पुढे सरका, कोणी विचारणार नाही. एक गोष्ट टिपा: मठातल्यांना लिहिताना तो मठातल्यासारखा बोलतो, बिशपला लिहिताना जमीनदार विद्वानासारखा.

पुढच्याच वर्षी प्लेग आला. गेरार्दोच्या मठातले तीसहून अधिक लोक एकामागून एक गेले. मुख्य साधूने पळून जायचा सल्ला दिला तरी गेरार्दो हलला नाही. त्याने एकेकाला स्वतः पुरलं आणि शेवटी तो आणि एक कुत्रा एवढेच मठात उरले. पेत्रार्कने हे दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं आणि अभिमानाने भावाला लिहून कळवलं. ‘एकांत’ या शब्दाचा अर्थ त्या मठात नेमका काय होता, ते या पत्राशेजारी ग्रंथ ठेवल्यावर कळतं.

ज्या पुस्तकाला पत्ता नाही

आता ‘माझं गुपित’. पेत्रार्क आणि संत ऑगस्टिन यांचा तीन दिवसांचा संवाद. सत्य ही देवी समोर बसलेली, पण ती मध्ये बोलत नाही. हे पुस्तक कोणाला अर्पण नाही, आणि पेत्रार्कने ते हयातीत बाहेर जाऊ दिलं नाही.

इथे ऑगस्टिन त्याला सोडत नाही. पहिल्या दिवशी मुद्दा असा, की तुला सुटायचंय म्हणतोस पण तुझी इच्छाच अर्धी आहे. दुसऱ्या दिवशी सात पापांची झडती, आणि त्यात अकेदियाशी गाडी अडते. वाळवंटातल्या तपस्व्यांची ती दुपारची मरगळ पेत्रार्कच्या अंगात वेगळीच होऊन बसलीय. ती दिवस-रात्र पकडून ठेवते, आणि तो सांगतो की या दुःखात मी एक प्रकारची काळी गोडी चाखतो. तिसऱ्या दिवशी दोन साखळ्या निघतात: त्याच्या प्रेमकवितांमधल्या लॉराचं प्रेम आणि कीर्तीची हाव. ऑगस्टिन म्हणतो, लिखाणं टाक, मरणाचा विचार कर. पेत्रार्क ते मान्य करतो. आणि मग म्हणतो की हातात घेतलेली कामं आधी संपवतो.

संपूर्ण विषयाचं मर्म मला या उत्तरात दिसतं. वोक्लूझला जाऊनही तो पुस्तकांपासून आणि नावापासून सुटला नव्हता. १३४१ मध्ये रोमला जाऊन त्याने राजकवीचा मुकुट स्वीकारला होता, तो वोक्लूझच्याच काळात. एकदा एका मित्राने त्याच्या काळजीपोटी पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लावून किल्ली नेली. दहा दिवस वाचायचं-लिहायचं नाही, अशी अट. पहिला दिवस वर्षाहून लांब वाटला, दुसऱ्या दिवशी डोकं दुखलं, तिसऱ्या दिवशी ताप भरला. मित्राने किल्ली परत दिली.

पुढच्या पिढीकडे, जरा वेगाने

१३६२ मध्ये पेत्रार्कचा मित्र, ‘डेकामेरॉन’चा लेखक बोक्काच्चो याच्याकडे एक साधू निरोप घेऊन आला: तुझं मरण जवळ आहे, काव्य सोड. बोक्काच्चो हादरला आणि पुस्तकं विकायला निघाला. पेत्रार्कचं उत्तर अवश्य वाचा. तो धीर देतो, विद्या भक्तीच्या आड येत नाही हे समजावतो, आणि जाता जाता म्हणतो की विकायचीच असतील तर पुस्तकं मला दे. व्यवहार सुटलेला नाही!

मग कोलुच्चो सालुताती. १३७५ ते १४०६ फ्लोरेन्स नगरराज्याचा चान्सेलर, म्हणजे सरकारी पत्रव्यवहाराचा प्रमुख, बायको-मुलांच्या मोठ्या कुटुंबकबिल्यात राहणारा. १३८१ च्या सुमाराला त्याने ‘संसार आणि संन्यस्त जीवन’ या अर्थाचा ग्रंथ लिहिला आणि त्यात जगाला यथेच्छ झोडपलं. १३९८ मध्ये त्यानेच बोलोन्याच्या चान्सेलरला, पेल्लेग्रीनो झांबेक्कारीला, लिहिलं की मठात पळू नकोस. गर्दीपासून पळाल्याने पूर्णत्व मिळत नाही, घर, मित्र आणि राज्य सांभाळतानाही मन वर लावता येतं. माणूस बदलला का? अभ्यासक यावर भांडत आले आहेत. पत्ते बघा. पहिला ग्रंथ फ्लोरेन्सच्या एका मठात नुकत्याच गेलेल्या माणसाने मागितलेला, त्याचा पाय डळमळू नये म्हणून. दुसरं पत्र प्रेमभंगानंतर तडकाफडकी साधू व्हायला निघालेल्या सरकारी माणसाला. वैद्य दोन रोग्यांना दोन औषधं देतो, तेवढंच हे.

म्हणून ‘आधी एकांत, मग नागरी जीवन’ अशी सरळ रेघ कोणी दाखवली तर जपून घ्या. इतिहासकार हान्स बॅरनच्या १९५५ च्या ग्रंथानंतर ती रेघ फार लोकप्रिय झाली. तिच्यात तथ्यही आहे: फ्लोरेन्सचा मानवतावादी लेओनार्दो ब्रूनी याने १४३६ मध्ये दान्तेचं चरित्र लिहिताना, अभ्यासासाठी एकांतात दडावंच लागतं असं मानणाऱ्यांची थट्टा केली. दुसरा मानवतावादी लोरेंझो व्हाल्ला याने १४४० च्या सुमाराला, साधू सामान्य ख्रिस्ती माणसाहून जास्त धार्मिक कशावरून, असा बिनतोड प्रश्न टाकला. पण त्याच काळात फ्लोरेन्समध्ये आंब्रोजो त्राव्हेर्सारी हा कामाल्दोली पंथाचा साधू मठाच्या कोठडीत बसून ग्रीक ग्रंथ लॅटिनमध्ये आणत होता, आणि शहरातले विद्वान त्याच्याकडे येत होते.

इसोत्ता नोगारोलालाही सोडू नका. व्हेरोनाच्या या विदुषीवर वयात आल्यापासून टवाळकी आणि घाणेरडे आरोप झाले. १४४१ च्या सुमाराला ती घरातल्याच पुस्तकांच्या खोलीत राहू लागली, ना लग्न ना मठ. पेत्रार्कने निवडलेली गोष्ट तिच्या वाट्याला अट म्हणून आली. १४५१ मधला तिचा संवाद, आदाम आणि इव्ह यांपैकी कोणाचं पाप मोठं यावरचा, छोटा आहे आणि धारदार आहे.

शेवटी फ्लोरेन्सच्या क्रिस्तोफोरो लांदिनोचे ‘कामाल्दोलीचे संवाद’, १४७० च्या दशकातले. जागा खुद्द कामाल्दोली, संत रोमुआल्दने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला जंगलात वसवलेला आश्रम, जिथे प्रत्येक तपस्व्याची झोपडी वेगळी. पात्रं मात्र शहरातली: फ्लोरेन्सच्या सत्ताधारी घराण्यातला तरुण लोरेंझो दे मेदिची कर्मजीवनाची बाजू घेतो, विद्वान स्थापत्यकार लेओन बात्तिस्ता अल्बेर्ती चिंतनाची. उन्हाळा आहे, शहरात उकडतंय, झाडाखाली बैठक बसलीय. चार दिवस चालते. वाद पहिल्याच दिवशी होतो, शेवटचे दोन दिवस मंडळी रोमन कवी व्हर्जिलवर बोलतात. पहिल्यांदा वाचताना पहिल्या दिवसानंतर उठलात तरी चालेल.